उतू गेलेली माती

पंधरा बायका एका माळावर खड्डे खणायला लागल्या की मातीपेक्षा गोष्टीच जास्त निघतात. लोहाऱ्याकडच्या जंगलखात्याच्या माळावर आमच्या इतक्या निघाल्या, की आधी कुठली सांगावी ते कळत न्हाय. मी तिथली मुकादम. चौथी शिकलेली, म्हणून हजेरीचं पुस्तक माझ्याकडं.

*

कागदावर होतं, सगळा साग लावा. ओढ्यापलीकडं लावून झाला, अलीकडं अर्ध्यातच रोपं संपली. खड्डे तर खणलेले. उरलेल्यांत मी करंज आणि शिरीष लावून मोकळी झाले.

चार वर्षांनी नवे रेंजरसाहेब आले. "बाई, हे काय केलंय?"

"जवारीत तूर टाकतो की न्हाय, साहेब? तसंच."

"हे शेत नाही, जंगल आहे."

"मग एकाच जातीचं जंगल कुठं बघितलं तुमी?"

साहेबांनी हजेरीचं पुस्तक मागितलं, उगीच चाळलं आणि परत दिलं.

*

पण हुकूम आलाच. साग ठेवा, बाकीचं दिवाळीनंतर तोडून टाका. चार वर्षं कमरेवर घागरी वाहून जगवलेली झाडं ती.

गोदाक्का आमच्यातली थोरली. ती म्हणाली, "तोडायचं व्हय गं?"

"कुऱ्हाडी कुठं हायत?"

"तूच तर लपवल्यास."

"मग घावणार कशा?"

*

तेवढ्यात कृषी कॉलेजातले मातीवाले साहेब आले. ओढ्याच्या दोन्ही बाजूंची माती डब्यांत भरून घेतली. म्हणाले, "मातीतले बारके जीव एक रस सोडतात. त्यानं पाला कुजतो. त्याला एन्झाइम म्हणतात."

गोदाक्का म्हणाली, "म्हंजी विरजण."

साहेबांनी वही काढली आणि लिहून घेतलं.

*

त्याच डब्यांवरच्या चिठ्ठ्या पावसानं धुऊन गेल्या. आठ डबे, कुठला कुणीकडचा पत्ता न्हाय. साहेब रडकुंडीला आले. गोदाक्कानं एकेक डबा नाकाला लावला. चार इकडं ठेवले, चार तिकडं.

साहेबांनी पुन्हा माती आणून ताडून बघितली. एक चुकला न्हाय. "कसं ओळखलंत?"

"सागाखालची कोरडा वास मारती. आमची आंबलेली हाय."

आमची म्हणाली ती. सरकारची न्हाय.

*

मग एक दिवस दोन्ही साहेब माळावर. मातीवाल्यांनी काचेच्या दोन नळ्यांत डब्यांतली माती घेतली, वर कंपाउंडर जखमेवर टाकतो ते फेसाचं औषध ओतलं. निव्वळ सागाच्या मातीला चार बुडबुडे आले. आमची माती फसफसली, दुधासारखी वर चढली आणि उतू जाऊन साहेबांच्या बोटांवरनं खाली आली.

"जेवढा फेस तेवढा तो रस. मिसळलेल्या झाडांखाली जास्त आहे," मातीवाले म्हणाले.

रेंजरसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. "बाई, तेरखेड्याच्या फटाक्यांची दारू टाकलीत का यात?"

बायका हसल्या. मी हसले न्हाय. आमच्या मातीच्या डब्यातली चिमूटभर माती तोंडात टाकली, चावली, गिळली. डबा त्यांच्यापुढं धरला. "दारू हाय का बघा."

रेंजरसाहेबांनी चिमूट घेतली, जिभेवर ठेवली. थुंकायला मान वळवली, तर त्या बाजूला पंधरा बायका उभ्या.

गिळली.

मग रुमालानं तोंड पुसत म्हणाले, "पलीकडच्या सागात लावायला करंजाची रोपं किती निघतील?"