बापूरावची इहीर आन आमची तिहेरी

काळ्या रानात पावसाचं चालून बघा. पयल्या पावलाला चपलीला चिखल लागतो, दुसऱ्या पावलाला त्याच्यावर आणिक बसतो, आन बांधापर्यंत जाऊस्तोवर चप्पल हत्तीच्या पायाएवढी होती. झाडलं तर झडत न्हाई. आमच्या तिहेरी शर्यतीचे किस्से तसेच हायेत. एक सांगाया गेलं की त्याला दुसरा चिकटून येतो. कापूस येचताना बाया म्हणतात, "गयाआत्या, ती तिहेरी काढ." मी काढते. आन दर खेपेला मला तेवढाच राग येतो. त्या मेल्या मातर हसतात.

*

सोनपेठच्या अलीकडं, गोदावरीच्या काठाला आमचं गाव. शाळेत पीटीला शिंदे मास्तर होते. मास्तर उन्हाळ्यात पुण्याला कसल्याशा शिबिराला गेले आन तिथून ट्रायथलॉन घेऊन आले. एखादी बाई माहेराहून लोणच्याची बरणी आणती ना, तसं. आधी नदीत पोहायचं, मंग सायकल हाणायची, मंग पळायचं, मधी टेकायचं न्हाई. गावानं एका दिवसात त्याचं नाव तिहेरी ठेवलं.

मास्तर मारुतीपाशी उभं राहून समद्यांना समजून सांगायलेत. म्हातारा धोंडबा तिथंच ओट्यावर बसलेला. त्यानं इचारलं, "मास्तर, नदीतून निघून कुठं जायचं?"

"सायकलवर फाट्यापर्यंत. आन परत."

"परत येऊन?"

"गावाला पळत एक फेरा घालायचा."

"आन शेवट कुठं?"

"इथंच. मारुतीपाशी."

धोंडबा म्हणला, "मी सकाळधरनं इथंच बसलोय. म्हंजी मी जिंकलो का?"

*

माझा भाऊ किसन. त्याची पोरगी निर्मला. आमी वस्तीतले, बौद्ध. नामांतराचा गलबला झाल्यापासून वस्तीतली पोरं गावाच्या कुठल्याच कामात पुढं येत नव्हती. घरं जळाल्याचं ऐकलं होतं समद्यांनी. पर निर्मला उठली आन मास्तरला म्हणली, "सर, माझं नाव घ्या."

तिला परभणीला जायचं होतं, पीटीच्या कोर्साला. मास्तरीण व्हायचं होतं, शिट्टीवाली. आन किसननं तर तिच्यासाठी पूर्ण्याचा पोरगा बघून ठेवलेला. रेल्वेत चिकटलेला, घरचा एकुलता. किसन वाईट न्हाई, पर भेलेला माणूस. पोरगी एकटी परभणीत राहणार म्हणलं की तो उठून दाराला कडी घालायचा.

लय रडारड झाली. शेवटाला किसन म्हणला, "त्या शर्यतीत तिन्ही पार पाड. मास्तरनं चारचौघात म्हणलं पाहिजे की हिनं तिन्ही केलं. तर परभणी. एक बी चुकलं तर पूर्णा."

मी म्हणलं, "किसन्या, तू लगीन करताना कुठली शर्यत लावली होती रं?"

"आक्का, तू मधी बोलू नको."

मी आयुष्यभर मधीच बोलत आले. तेच एक काम मला नीट येतं.

*

आता गावाला प्रश्न पडला की पोरगी पोहताना घालणार काय. चावडीत दिवसभर बाप्ये बसले. एक म्हणतो लुगडं, एक म्हणतो परकर, एक म्हणतो पोरीनं पाण्यात उतरूच नये, नुसतं काठानं चालावं. निर्मलाला कुणी इचारलं न्हाई. ती तिकडं ज्वारीच्या रानात खुरपायली होती.

सगळ्यात मोठ्यानं बोलत होते बापूराव. गावातली निम्मी जमीन त्यांची, तिहेरीची ढाल त्यांनीच दिलेली. समदं गाव त्यांना मालक म्हणायचं, मी एकटी बापूराव म्हणायची. बारशाला तेच ठेवलंय की.

मी दारातून इचारलं, "बापूराव, तुमी नदीला पोहायला जाता तवा काय घालता?"

"लंगोट."

"ते कुठल्या बैठकीत ठरलं होतं?"

बैठक तिथंच उठली. निर्मलानं भावाची हाफ पँट आन बनियन घातलं, वरून ओढणी कमरेला आवळली. झालं.

*

सायकलीचा सराव करायचा तर वजन पाहिजे, असं मास्तर म्हणले होते. वजन म्हणून निर्मलानं कॅरेरवर मला बसवलं. किसनची जुनी सायकल, दोन्ही मडगार्ड गळून पडलेले. रोज सकाळी आमची स्वारी वरल्या गल्लीतून, बापूरावच्या दारावरून. सरळ रस्ता वस्तीच्या मागून होता. पर मीच म्हणायची, ह्याच गल्लीनं चल.

बाया इचारायच्या, "गयाबाई, कुठं?" मी रोज येगळं सांगायची. एक दिवस जिंतूरला जावई बघायला. एक दिवस कलेक्टर साहेबाकडं चहाला. एकीनं खरंच इचारलं, "मंग चहा कसा होता?" मी म्हणलं, "साखर कमी."

एकदा रानातून चाललो तर बापूराव गडी लावून बांध घालायलेले. माळावरून एक वघळ उतरती, पावसाळी वढा. तिला आडवून आपल्या इहिरीकडं वळवायलेले.

मी म्हणलं, "काय चाललंय बापूराव?"

"इहीर भरायची हाय. वरून आलेलं देवाचं पाणी, फुकट वाया जातंय."

ती वघळ येती कुठून, ते मला ठाऊक होतं. आमच्या वस्तीच्या मागं माळावर मुरमाची खदान हाय. साऱ्या काळ्या शिवारात तांबडं पाणी तेवढ्या एकाच जागी. वस्तीचे कपडे तिथं, म्हशी तिथं, पोरांच्या अंघोळी तिथं. पावसात खदान भरली की एका अंगानं सांडती, तीच ही वघळ. बापूराव जन्मात त्या अंगाला फिरकले नव्हते, त्यांना काय ठाऊक.

मी म्हणलं, "भरा, भरा. चांगलं पुण्य हाय." आन निर्मलाला म्हणलं, "हाण सायकल." कॅरेरवर बसलेल्यानं जास्ती बोलू नये.

*

शर्यत पोळ्याच्या तोंडावर ठेवली होती. आदल्या हप्त्यापासून पाऊस जो लागला तो थांबायचं नाव घेईना. शर्यतीच्या सकाळी नदीनं घाट गिळला होता. अख्खं बाभळीचं झाड वाहत चाललेलं, त्याच्यावर एक कुत्रं बसलेलं. कुत्रं आमच्याकडं असं बघायलं की आमचीच त्याला कीव यावी.

मास्तर म्हणले, "नदीत न्हाई. शर्यत पुढं ढकलू."

बापूराव म्हणले, "ढकलायची कामून? तहसीलदार साहेबाला जेवायला सांगितलंय. माझ्या इहिरीत पोहा."

समदी पोरं बापूरावच्या इहिरीकडं निघाली. निर्मला बी निघाली. बांधावर बापूराव आडवे आले. ओरडले न्हाईत, लय गोड बोलले. "बाळा, तू थांब. इहिरीचं पाणी पिण्याचं हाय."

मी म्हणलं, "आन ही बाकीची पोरं काय पाण्याच्या वरून उडणार हायेत?"

"गयाबाई, तुमाला रीत ठाऊक हाय. नदीचं येगळं, इहिरीचं येगळं."

मी मास्तरकडं बघितलं. मास्तर शिट्टीकडं बघायले होते. जशी काय शिट्टीच आता बोलणार हाय. मंग हळूच म्हणले, "निर्मलाला पोहण्याची सूट देऊ. तिनं डायरेक्ट सायकलीपासून सुरू करावं."

सूट म्हणे. बाजूला बसवायचं आन त्याला सूट म्हणायचं. आजबी तो शब्द ऐकला की माझी कानशिलं तापतात.

किसन पावसात पोतं पांघरून उभा होता. तो म्हणला, "पोहली न्हाई तर तिन्ही झालं न्हाई. चल घरी."

निर्मलाचं तोंड बघवेना. ती पोरगी रडली न्हाई. तिनं सायकल वळवली आन म्हणली, "सर, पाणी पाहिजे ना? खदानीत हाय."

मी म्हणलं, "चला मास्तर. पाणी हाय, पोरगी हाय, साक्षीला म्हशी हायेत. तुमची शिट्टी तेवढी आणा."

मास्तर आले. तेवढं पुण्य त्यांच्या नावावर हाय. इकडं निर्मलानं खदानीत उडी घेतली, वरून धो धो पाऊस, पाण्यात म्हशी डुंबायलेल्या. पयल्या म्हशीला वळसा घालून गेली, दुसरी हालेना तर तिच्या पाठीवर हात टेकून पुढं झाली. खदानीचे ठरलेले फेरे घालून वर आली तवा बनियन तांबडंलाल.

*

इहिरीतला तमाशा मी बघितला न्हाई, धोंडबानं बघितला. इहीर गोल. पोरं गोल गोल पोहायली. कोण पुढं, कोण मागं, कुणाचा कितवा फेरा, कुणालाच कळंना. बापूरावचा पुतण्या विलास म्हणे एका पायरीला धरून नुसता तरंगत होता, आन खदानीवरून मास्तरची शिट्टी ऐकू आली की पयला वर आला.

धोंडबा म्हणला, "मी सांगत होतो ना, बसणाराच जिंकतो."

*

सायकलीचं तर काय सांगावं. फाट्यापर्यंतचा रस्ता म्हंजी काळी माती. चिखल चाकात बसला की मडगार्डात गच्च, चाक फिरायचं बंद. ह्यांच्या नव्या नव्या सायकली, चकाचक मडगार्ड. काडीनं चिखल काढायचा, चार हात जायचं, परत काडी. निर्मलाच्या सायकलीला मडगार्डच नव्हते, तरी ती बी अडकली. मंग तिनं सायकल खांद्यावर घेतली, कडब्याची पेंडी घ्यावी तशी, आन चालू लागली. तिचं बघून बाकीच्यांनी बी घेतली. सायकलीची शर्यत, आन समद्या सायकली माणसांवर बसलेल्या.

एक विलास सोडून. विलास बाभळीखाली उभा राहिला. काकाची बैलगाडी आली, त्यानं सायकल गाडीत टाकली, वर आपण बसला, डोक्यावर छत्री. फाट्याला जाऊन वळून आला पयला.

मास्तर म्हणले, "मालक, हे कसं चालंल?"

बापूराव म्हणले, "न चालायला काय झालं? चाकावरच आला की."

बघा आता. बैलगाडी चालती, आन पुढं ह्यांनाच खदान चालली न्हाई.

*

पळायच्या फेऱ्याला निर्मलानं चपला फेकून दिल्या. वरल्या गल्लीत ती घसरून पडली, गुडघा फुटला. दारादारात बाया उभ्या, पदर तोंडाला लावून. कुणी पुढं आलं न्हाई. बापूरावच्या घरच्या वैनी तेवढ्या उंबऱ्यात होत्या. इकडंतिकडं बघितलं आन हळूच म्हणल्या, "ऊठ गं बाई. पळ."

ती उठली. पळाली. मारुतीपाशी आली तवा मी पावसातच तिला धरलं. ती म्हणली, "आत्या, झालं का तिन्ही?"

*

ढाल विलासला दिली. द्या बापडे, घरचीच होती. तहसीलदार साहेब पावसामुळं आलेच न्हाईत, त्यांच्या वाट्याचं जेवण बी विलासच जेवला असंल.

किसननं मास्तरला इचारलं, "सर, हिचं तिन्ही झालं म्हणायचं का?"

मास्तर तोंड उघडणार तेवढ्यात बापूराव म्हणले, "कसं झालं? शर्यतीत समद्यांनी एका पाण्यात पोहलं पाहिजे. हिचं पाणी येगळं. पोहणं धरता येणार न्हाई."

निर्मलानं माझा हात असा आवळला की बांगडी पिचकली. किसननं मान खाली घातली. मला पूर्ण्याचं स्टेशन दिसाया लागलं.

मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. विलास ढाल घेऊन उभा होता. मी म्हणलं, "विलासराव, अभिनंदन. बनियन कुठं रंगवलं?"

तो म्हणला, "रंगवलं कुठं? इहिरीचं पाणीच तांबडं आलंय आज."

मी निर्मलाला त्याच्या शेजारी उभं केलं. तिचं बनियन तांबडं, त्याचं बनियन तांबडं. इहिरीतून निघालेली समदी पोरं तांबडी.

  मंग धोंडबा ओट्यावरून म्हणला, "आपल्या शिवारात तांबडं पाणी तर एकाच जागी हाय. मालक, तुमी बांध घालून कुठली वघळ वळवली म्हणलात?"

बापूरावनं त्या बनियनांकडं बघितलं. माळाकडं बघितलं. मंग हातातल्या, इहिरीच्याच पाण्यानं भरलेल्या तांब्याकडं बघितलं.

मी म्हणलं, "बापूराव, तुमीच सांगा. पाणी एक हाय का येगळं? तुमी म्हणाल ते खरं."

 एक म्हणलं तर इहीर गेली. येगळं म्हणलं तर तांब्या तोंडाला लावावा लागतोय. बापूरावनं तांब्या ओट्यावर ठेवला आन घराकडं चालू लागले.

तवा कुठं शिंदे मास्तरनं शिट्टी वाजवली. अशी वाजवली की पारवे उडाले. "निर्मला किसन," ते म्हणले, "पोहणं, सायकल, पळणं. तिन्ही."

*

हप्त्याभरानं मी निर्मलाला घेऊन परभणीच्या येष्टीत बसले. पेटी मांडीवर, पाऊस चालूच. येष्टी बापूरावच्या रानाशेजारून निघाली. इहिरीवर ऑइल इंजिन लावलेलं, थड थड थड. पाइपातून तांबडं पाणी नदीकडं चाललंय, आन बांध तसाच, म्हणून दुसऱ्या अंगानं वघळ भरभरून इहिरीत पडायलीय. बापूराव छत्री घेऊन काठावर उभे, आत डोकावून बघायलेले.

निर्मला म्हणली, "आत्या, हे काय करायलेत?"

मी म्हणलं, "काय न्हाई बाई. त्येंची शर्यत अजून संपली न्हाई."