फिडलच्या पोटातली चिठ्ठी

तुमच्या पत्रांत माझ्या इंग्रजी अक्षराचं कौतुक असतं. ते वाचून मला बरं वाटत नाही. का, ते एकदा लिहून टाकते.

मी अकरा वर्षांची होते. आम्ही ठाण्याला राहत होतो. वडील कचेरीत भाषांतराचं काम करत आणि त्यांनीच मला इंग्रजी शिकवलं होतं. आळीत त्यावरून कुजबुज चाले; मला मात्र ताठा होता.

आमच्या परसातले नारळ उतरवायला एक ख्रिस्ती शेतकरी येई. रविवारी तो त्यांच्या देवळात फिडल वाजवायचा. एका दुपारी तो फिडल घेऊनच आला. तिच्या पोटात चिकटवलेली कागदाची चिठ्ठी सुटून फाटली होती. तिचे दोन तुकडे त्याने तारेने फिडलच्या वरच्या फटीतून बाहेर काढून फडक्यात जपून आणले होते. वर परक्या भाषेतल्या छापील ओळी, खाली काळ्या शाईने इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं एक नाव. ते त्याच्या वडिलांचं होतं. एका म्हाताऱ्या पाद्र्याने त्यांना नाव लिहिण्यापुरती अक्षरं शिकवली होती.

"मला वाचता येत नाय, बाय," तो मला म्हणाला. "पण माज्या बापसाचा हात हाय तो. तेवढा नीट चिकटव."

सगळं ओटीवर ठेवून तो झाडावर चढला. आतून आई म्हणाली, "आत आणण्याआधी पाणी लाव गं." त्याच्या हातून आलेल्या प्रत्येक वस्तूवर आमच्याकडे पाणी पडे.

आईच्या सोवळ्याला मी मनात हसत असे. हा कागद आहे, एवढं मला सांगता आलं असतं. पण चिठ्ठीच्या पाठीला जुना सरस होता, आणि सरस कातडं उकळून करतात हे मला माहीत होतं. माझीच बोटं धजेनात. दोन्ही तुकडे चिमट्याने ताटलीत ठेवून मी वरून पाणी ओतलं. छापील अक्षरं राहिली. नाव सुटून पाण्यात गेलं. आमच्या दौतीतली शाईसुद्धा तसलीच, पाण्यात सुटणारी, काजळाची होती. मला कळायला हवं होतं.

तेव्हाच माडाखाली जाऊन त्याला हाक मारायला हवी होती. मी दौत आणायला गेले. नाव लक्षात होतं. तुकडे उन्हात वाळवले, पाठीला पातळ कागद लावून कणकेच्या खळीने जोडले, शाईत पाणी घालून ती फिकी केली आणि नाव लिहिलं. नवशिक्याचा हात थरथरल्यासारखा दिसावा म्हणून एक अक्षर मुद्दाम वाकडं काढलं. मग बांबूच्या कामटीने चिठ्ठी फटीतून आत सोडून दाबली.

खाली उतरल्यावर तो फटीला डोळा लावून कितीतरी वेळ बघत राहिला. मग बोटं ओठांना लावून त्याने ती फिडलला टेकवली. जाताना माझ्यासाठी एक शहाळं वेगळं ठेवलं.

पुढे माझं लग्न होऊन मी कल्याणला आले. त्याआधी तो शेवटचा आला तेव्हा ओटीवर बसून वडिलांना सांगत होता, की मुलगा आता शाळेत जातो, आणि फिडलमध्ये बघून पाटीवर आजाचा हात गिरवतो. ते वाकडं अक्षरसुद्धा तस्संच काढतो. वडिलांनी माझ्याकडे अभिमानाने पाहिलं.

मी त्याने उतरवलेल्या नारळांवर पाणी ओतत होते. मान वर न करता ओतत राहिले.