ओढ्यावरची वाहनमोजणी

पुसेगावच्या पुढे एका ओढ्यावर मी वाहनं मोजायला बसलो होतो. जिथं वर्दळ जास्त, तिथला पूल जिल्ह्याच्या यादीत वर जातो. एक म्हातारा जुन्या मोटारसायकलवर सकाळपासून सारखा ये-जा करत होता. दर वेळी थांबून, मान लांब करून माझ्या कागदात बघायचा.

"काका, एवढ्या चकरा कशाला?"

"लेक बाळंतपणाला आली हाय, साहेब. ओढ्याला पानी आलं की दवाखान्याची गाडी पल्याडच थांबते."

एकाच माणसाच्या चकरा मोजल्याचं कळलं असतं, तर माझी धडगत नव्हती. तरी मी रेघा मारत राहिलो. दुपारी त्याचं पेट्रोल संपलं. घामाघूम होऊन गाडी ढकलत तो माझ्यापाशी आला आणि घाबरत म्हणाला,

"साहेब, ढकलत आनलेली धरता का?"