टाचणीची खुर्ची

आमच्या ऑर्केस्ट्रात तिला सगळे टाचणी म्हणायचे. अंगाने बारीक, आणि बोलली की टोचायची. मी तिच्या शेजारचा चेलोवादक. दोघांत मिळून स्वरलिपीचा एक स्टँड, आणि पानं उलटायचं काम माझं. त्यामुळे तिच्याबद्दल मला जेवढं माहीत आहे तेवढं तिच्या नवऱ्यालाही नसेल. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

चेलो, म्हणजे ते थोराड व्हायोलिन, खरं तर तिच्या थोरल्या भावासाठी घरी आला होता. शिकवणीची वेळ झाली की भाऊ पसार व्हायचा आणि ही त्याच्या जागी जाऊन बसायची. वडील शिंपी. त्यांना कळलं तेव्हा ते कापड बेतत होते. कात्री खाली ठेवून म्हणाले, "वाद्य गुडघ्यांत धरून बसायचं? मुलीच्या जातीला शोभतं का हे?"

आई मशीनवरून न उठता म्हणाली, "मी दिवसभर पाय हलवत हे मशीन चालवते, तेव्हा बरं शोभतं!" त्याच आठवड्यात तिने लेकीला भरपूर घेराचा पायघोळ झगा शिवला. विषय संपला. भाऊ सुटला, ते वेगळंच.

पुढे ती ऑर्केस्ट्रात आली. कंडक्टर म्हटलं की लोकांना बस आठवते, म्हणून आमच्या कंडक्टरना आम्ही मास्तर म्हणायचो. चेलोवाल्यांची पहिली खुर्ची, म्हणजे म्होरक्याची जागा, रिकामी होणार होती आणि ती टाचणीलाच मिळणार, असं सगळे धरून चालले होते. तेवढ्यात तिला दिवस गेले.

"टाचणीचा फुगा झाला," बासरीवाला म्हणाला.

"जपून बोल," ती म्हणाली, "टाचणी अजून आतच आहे."

पोट वाढलं तसा चेलो छातीपासून लांब जायला लागला. तिने चेलोखालची लोखंडी खुंटी आणखी बाहेर ओढली, वाद्य जरा तिरकं घेतलं आणि खुर्चीच्या कडेला बसून वाजवू लागली. आवाजात तसूभर फरक नाही. तरी मास्तरांनी तिला खोलीत बोलावलं. तिच्या चेलोची पेटी उचलायला म्हणून मी बरोबर होतो.

"बाई, आता घरी बसा," मास्तर म्हणाले. "लोक संगीत ऐकायला येतात. हे असं बरं दिसत नाही."

"ऐकायला येतात ना? मग दिसण्याचं काय?"

"आणि पहिल्या खुर्चीची जबाबदारी लेकुरवाळ्या बाईवर टाकता येणार नाही."

"मग परीक्षा घ्या. पडद्यामागून. चांगलं वाजवेल त्याला खुर्ची."

मास्तर हसले. बाळंतपणानंतर ही कसली येतेय! "घेऊ की," म्हणाले. दुसऱ्या दिवशी तालमीत सगळ्यांसमोर उभं राहून तिने पडद्यामागून परीक्षा ठेवल्याबद्दल त्यांचे आभार मानले. आता मास्तरांना शब्द फिरवता येईना.

मुलगी झाली. एक पाय पाळण्याला लावून टाचणीचा सराव चालू झाला. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "तुझा चेलो मला दे. माझा तू घे."

"वेड लागलंय का? माझा एका सुरावर घरघरतो."

"घरघरू दे. माझ्या चेलोचा आवाज मास्तर झोपेतही ओळखतील."

माझी निवड तशीही होणार नव्हती. मी कबूल झालो.

लांबलचक दालन, मधोमध काळा पडदा. माझा नंबर आधी लागला. तिच्या चेलोवर मी जन्मात वाजवलं नव्हतं इतकं छान वाजवलं. अर्धं पान झालं नसेल, तर पलीकडून मास्तरांची कुजबुज आली, "ही टाचणी. बाळंतपणात हात गेला बिचारीचा. पुढचा बोलवा." हसावं की रडावं, मला कळेना.

मग ती माझं खोकं घेऊन बसली. घरघरणारा सूर जवळ आला तसे मी मनातल्या मनात त्या चेलोला हात जोडले. तिने दोन्ही गुडघ्यांनी चेलो आवळून धरला आणि तो सूर स्वच्छ काढला. पडद्यापलीकडे कुणीतरी खुर्ची पुढे ओढली. मग मास्तर म्हणाले, "हाच! वाद्य भिकार आहे, पण हात बघा हात!"

पडदा सरकला. समोर टाचणी. कपाळ घामाने ओलं, झग्यावर दुधाचे डाग.

मास्तर उभे राहिले. "काहीतरी घोटाळा झालाय. परीक्षा पुन्हा होईल."

परीक्षकांत आमचे सगळ्यात जुने व्हायोलिनवाले होते. ते म्हणाले, "घ्या की. माझ्याही खुर्चीची घ्या, तुमच्याही खुर्चीची घ्या. पडदा लावलेलाच आहे."

"माझी तयारी आहे," टाचणी म्हणाली. "आत्ता. कुठल्या चेलोवर वाजवू तेवढं सांगा."

मास्तर दार लोटून निघून गेले. खुर्ची तिची झाली, आणि पानं उलटायला तिने मलाही पुढे ओढलं.

त्यानंतर मास्तरांनी तिला कधी चांगलं म्हटलं नाही. चेलोंना इशारा करायचा झाला तरी नजर आमच्या डोक्यावरून जायची. ती म्हणायची, "रोज सकाळी वाटतं, आज जाऊच नये. पण मी सोडून गेले तर तो म्हणेल, बघा, मी म्हटलं नव्हतं?" म्हणून ती रोज यायची, आणि सगळ्यांच्या आधी यायची.

मास्तरांच्या निरोपाच्या दिवशी त्यांनी तिच्यापुढे हात केला. तिने आपले हात चेलोवरच ठेवले. "गजाला लावायच्या राळेने माखलेत," म्हणाली. मला ते जरा जास्त वाटलं. म्हातारा माणूस, सगळ्यांसमोर अवघडून उभा. तसं मी तिला सांगितलंही.

"तुझं बरोबर असेल," ती म्हणाली. "पण नाही."

मी केव्हाच निवृत्त झालो. ती चार बायकांना घेऊन अजून वाजवते. मुलगी दातांची डॉक्टर आहे, आईच्या कार्यक्रमाला येते आणि गाढ झोपते. गेल्या वर्षी टाचणीचा खांदा धरला. हाडांचे डॉक्टर म्हणाले, वाजवणं बंद.

"किती दिवस?"

"कायमचं."

तिने डॉक्टर बदलला. नव्या डॉक्टरबाईंनी व्यायाम दिलेत. ते ती करते, मधूनमधून त्यांना शिव्या घालत. येत्या कार्यक्रमाचं तिकीट तिने जुन्या डॉक्टरांनाही पाठवलंय, पहिल्या रांगेतलं.