जोडीतलं आतलं चाक

स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत मी हायवेवरच्या टपरीत बसले होते. शेजारी एक ट्रक ड्रायव्हर गुळगुळीत झालेल्या टायरवर हात फिरवत होता. "नवाच होता हो. हवा आहे का बघायला रोज रॉडने ठोकून आवाज ऐकतो मी."

"बाहेरचाच ठोकता," पंक्चरवाले काका म्हणाले. "मागच्या जोडीतल्या आतल्या टायरची हवा कधीची उतरलीय. सगळं वजन यानेच ओढलं."

गाडी पळताना दोन्ही चाकं सारखीच फिरत असतात.

आम्ही दोघं भावंडं. अंथरुणाला खिळलेली आई धाकट्याकडे असते. मागच्या भेटीत मी त्याला हसत म्हटलं होतं, "काय रे, माझ्याआधी म्हातारा झालास!" तो माझ्यासाठी चहा टाकायला उठला.

"झालं, ताई," काका म्हणाले.

मला उठवेना.