छगनभाईची मोटार आणि अकरा टांगे

सदऱ्याच्या खिशात बिडीचा चुरा साठतो, तसे हे किस्से साठतात. आपण मुद्दाम टाकत नाही आणि झटकला तरी जात नाही. टपरीवर सांगून सांगून जीभ झिजली, म्हणून आता कागदावर. मी चौथी नापास आहे. शुद्धलेखन शोधणाऱ्यानं दुसरीकडे जावं.

आणे जाऊन नवे पैसे आले, ती वर्षं. जिल्हा तेव्हा धुळ्याचा. ब्राह्मणपुरीच्या छगनभाई गुजरांकडे मी सालदार होतो, केळीला पाणी भरायचो. एका वर्षी केळी चांगली झाली आणि भाईंना काय खूळ लागलं, त्यांनी सुरतेहून जुनी विलायती मोटार आणली. पुढचं तोंड लोखंडाचं, मागचं सगळं अंग लाकडाचं. मला चालवायला शिकवलं आणि स्टेशनाच्या गावात भाड्यानं लावली. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या कमिटीवाल्यांची, म्हणजे नगरपालिकेतल्यांची, नातवंडं माझ्या ओळखीची आहेत.

स्टेशनासमोर अकरा टांगे उभे असत. आता बारावी मोटार!

भाई निघताना म्हणाले, "गाडी गई ते तू बी गयो. पाछो केळमा पाणी भरजे."

म्हणजे गाडी जळाली, बुडाली, फुटली, काहीही झालं तरी माझी ड्रायव्हरकी संपली, परत केळीला पाणी. बायको-पोरं मी गावात आणली होती. हे डोक्यात ठेवा आणि मग पुढचं वाचा.

*

माझा तिथला पहिलाच पंधरवडा. एका कापूस व्यापाऱ्याची मोटार स्टेशनासमोर, घोड्यांच्या हौदाजवळ उभी होती. भर दुपारी पेटली. गादी, टप, टायर, सगळं गेलं. सांगाडा तेवढा उरला, मेलेल्या म्हशीसारखा.

फौजदार आले. अकरा टांगेवाल्यांना ओळीनं उभं केलं. "आग लागली तेव्हा कुठं होतास?"

पहिला म्हणाला, "घोड्याला पाणी पाजत होतो." दुसरा म्हणाला, पाणी पाजत होतो. अकराच्या अकरा पाणीच पाजत होते!

फौजदार भडकले. "हौद मोटारीपासून चार हातावर! अकरा जण हौदावर होतात, मग एकालाही बादलीभर पाणी मारता आलं नाही?"

टांगेवाल्यांचा म्होरक्या धुडकूनाना. उंच, वाळलेला, तोंडात कायम काडी. तो पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, पानी कोठे व्हतं? घोडास्नी पी टाकं सारं!"

कोणी लावली ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या दिवसापासून माझी झोप गेली.

*

मी दोन बादल्या घेतल्या. कायम भरलेल्या, कायम मोटारीच्या पायरीजवळ. घरी चुलीवर भाकर करपली तरी मी गाडीकडे पळायचो. बायको म्हणायची, "तुम्हले नाकना रोग व्हयना."

एकदा स्टेशनात सवारीचं गाठोडं ठेवून बाहेर आलो, तर मोटारीखालून धूर! मी "आग! आग!" करत धावलो आणि दोन्ही बादल्या ओतल्या. फस्स करून राख उडाली. त्यातून एक म्हातारी ओली चिंब बाहेर आली, हातात मक्याचं कणीस.

"मुडदा! कनसं भाजी ऱ्हायनू मी!"

"मावशी, मोटारखाली शेगडी पेटवतात का? पेट्रोल असतं तिथं!"

"मंग कोठे बसू? लिंबनं झाड कमिटीनी तोडं, मोटारले रस्ता जोयजे म्हनीसन. आते सावली कोठे शे? तुन्ही मोटारखालेच शे!"

दुसऱ्या दिवशी मीच तिला गाडीपासून दहा हातांवर गोणपाटाचा मांडव घालून दिला. गोणपाटातून ऊन लागतं म्हणून ती पुन्हा गाडीजवळ आली.

*

कमिटीचं मला कधी कळलं नाही. एका हातानं रस्ता रुंद करत होती, दुसऱ्या हातानं मोटार बंद करत होती. अध्यक्ष होते अण्णासाहेब. स्वतः दमणीतून हिंडायचे, बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या. मोटारीनं धूळ होते, गाई बुजतात, बाया घाबरतात, असं त्यांचं मत. त्यांनी ठराव केला की मोटार स्टेशनावर फक्त सवारी चढवायला-उतरवायला येईल. उभी राहील ती नाल्यापलीकडच्या मोटारस्टँडवर.

मोटारस्टँड कुठं? तर मसणवटीच्या भिंतीला लागून!

जळायच्या भीतीनं माझा जीव मुठीत, आणि गाडीला जागा मिळाली तीही अशी की जिथं रोज काहीतरी जळतंच. चिता पेटली की वाऱ्यानं ठिणग्या यायच्या. मी लाकडी अंगावर ओली गोणपाटं टाकून रामनाम घेत बसायचो. लोकांना वाटायचं, मयताच्या घरचा आहे. दोनदा कोणी कोणी माझं सांत्वनही केलं.

शेवटी गेलो अण्णासाहेबांकडे. म्हटलं, "दुसरी जागा द्या."

"का? सावली आहे. शांतता आहे."

"अण्णासाहेब, तिथं सवारी येत नाही हो!"

पान चघळत म्हणाले, "येते की. रोज एखादी येतेच."

*

दुसरा ठराव पेठेचा. पेठेतून जाताना मोटारीनं बैलगाडीच्या पुढं जायचं नाही आणि भोंगा वाजवायचा नाही. टांग्याला मात्र सूट.

कापसाचे दिवस. रनाळ्याकडून जिनिंगला चाललेल्या गाड्यांची ही रांग! तेवढ्यात डॉक्टर स्टेशनावरून माझ्या मोटारीत बसले. पेठेच्या दुसऱ्या टोकाला एका बाईला धाप लागली होती, तातडीचं बोलावणं.

पेठेत शिरलो आणि पुढं कापसाची गाडी. गाडीवान कापसावर उताणा झोपलेला. बैल आपले आपले चाललेत, मध्येच उभे राहतायत, कोणाच्या दुकानापुढचा कडबा खातायत. मी खिडकीतून ओरडतोय, "ओ दादा! ओ मामा!" गाडीवान घोरतोय. भोंगा वाजवावा तर दंड, आणि दंड झाला तर भाईंना कळणार. मला घाम फुटला. मागून धुडकूनानाचा टांगा आला आणि टपटप करत आम्हाला मागं टाकून गेला. त्यानं मला रामराम घातला, हलकट!

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, पेटी उचलली आणि उतरून चालू लागले. बाईला सुई टोचली, आराम पडला, तिच्या घरचा चहा घेतला आणि परत आले. मी तिथंच होतो. फक्त एक दुकान पुढं.

डॉक्टर खिडकीत वाकले. "बरं झालं बाबा, मोटारीनं निघालो. चालत निघालो असतो तर दमलो असतो."

*

मग धुळ्याहून इंजिनियर आला. स्टेशनापुढं टेबल मांडलं आणि त्यावर गावाचा नकाशा पसरला. तांबड्या पेन्सिलीनं स्टेशनापासून पेठेपर्यंत सरळ रेघ मारलेली. ती रेघ घोड्यांच्या हौदावरून आणि टांग्यांच्या जागेवरून जात होती.

अकरा टांगेवाले टेबलाभोवती गोळा झाले. अकरा घोडे म्हणजे अकरा चुली, हे मलाही कळत होतं. मी लांब उभा राहिलो, कारण अशा वेळी मोटारवाल्यानं जवळ जाऊ नये.

धुडकूनानानं तोंडातली काडी काढली. "साहेब, यामा आम्हना हौद कोठे शे?"

"हौद जाणार."

"आन घोडा?"

"घोडे नकाशात दाखवत नाहीत."

"मोटार दखाडेल शे का?"

"तीही दाखवत नाहीत."

"मानूस?"

"अहो, माणसं कशी दाखवणार? हा रस्ता आहे!"

धुडकूनानानं तांबड्या रेघेवरून बोट फिरवलं. "कोन्हीच नही, ते रस्ता कोनासाठे शे?"

इंजिनियरनं नकाशाची गुंडाळी केली. जाताना धुडकूनाना माझ्याजवळ थांबला आणि हळूच म्हणाला, "डायवर, मोटार जपजो."

ही धमकी होती की काळजी, मला ठरवता येईना. मी तिसरी बादली घेतली.

*

त्यानंतर गावात गाडी उभी करायचीच भीती वाटू लागली. लांबचं भाडं आलं की बरं वाटायचं. एका कापडवाल्यानं डोंगरातल्या मोलगीच्या बाजाराला नेशील का विचारलं. तिथं जीपच चढते, पण मी हो म्हटलं. दोनदा पाणी उकळलं, एकदा गठ्ठे उतरवून ढकलावी लागली, पण पोचलो.

तिथं टांगे नाहीत, कमिटी नाही. तरी सवय! दिवसभर हातात काठी घेऊन मी मोटारीभोवती फेऱ्या मारत राहिलो. समोर एक म्हातारा चारोळी विकायला बसला होता. सकाळपासून माझ्याकडे बघत होता. दिवस कलला तेव्हा तो त्याच्या बोलीत काहीतरी म्हणाला. मला कळलं नाही. कापडवाल्याला ती बोली येत होती, त्याला विचारलं.

कापडवाला हसायला लागला. "म्हणतो, चालत आला असतास तर बाजार तरी बघायला मिळाला असता."

*

आता होळीचं सांगतो.

स्टेशनाच्या चौकात टांगेवाल्यांची होळी असायची आणि पेटवायचा मान धुडकूनानाचा. आमच्याकडे रिवाज असा की होळीवर एकदा जे पडलं ते होळीचं. कोणाची खाट असो, कोणाचं दार असो, मालक रडत आला तरी परत काढायचं नाही. काढलं तर पाप लागतं.

त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीची एक आजारी सवारी होती. तिला हाताला धरून फलाटावर बसवून आलो. पाच मिनिटं लागली असतील. बाहेर येऊन बघतो तर मोटार जागेवर नाही! चौकात बोंबा चालल्या होत्या. मोटार ढकलत नेऊन तिची पुढची दोन्ही चाकं त्यांनी होळीच्या लाकडांवर चढवली होती.

"लाकूडनी शे ना? मंग होळीनी शे!" कोणीतरी ओरडलं.

सकाळीच टाकी भरलेली. गर्दीतून घुसलो, दार उघडलं आणि आत जाऊन बसलो. गाडी हॅण्डल मारल्याशिवाय सुरू व्हायची नाही, आणि हॅण्डल मारायला उतरलो असतो तर पुन्हा आत बसू दिलं नसतं. स्टिअरिंगच्या चाकाला दोन्ही हातांनी मिठी मारली.

"ओढा त्याले बाहेर!"

दोघं पुढं आले. माझ्या तोंडातून कसं निघालं मला माहीत नाही. मी ओरडलो, "होळीमा पडेल चीज कोन्ही काढस का? मी बी पडेल शे! आते मले कसा काढश्यात?"

दोघं थबकले.

धुडकूनानाची म्हातारी माय नैवेद्याचं ताट घेऊन उभी होती. ती म्हणाली, "खरं बोलस तो. होळीमाथून काडी काढी तरी पाप लागस."

झालं! मला काढता येईना आणि मी आत असताना पेटवता येईना. दिवस बुडाला. बाया पाण्याचे तांबे आणि साखरेची हारकंगनं घेऊन खोळंबल्या. एक बाई तर तेवढ्यात मोटारीसकट होळीला पाच फेऱ्या मारून, पुरणाची पोळी बॉनेटवर ठेवून घरी गेली. मी ओरडून सांगितलं, टाकीत पेट्रोल आहे. सगळे चार पावलं मागं सरले. धुडकूनाना सरला नाही. पेटता टेंभा हातात घेऊन तो सरळ खिडकीशी आला. त्याची झळ माझ्या गालाला लागत होती.

"उतर."

"उतरस नही."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग आत बघितलं, मागची गादी, काचा, छत. काडी या गालातून त्या गालात गेली.

टेंभा त्यानं दुसऱ्याच्या हातात दिला. मागचं दार उघडलं, आत बसला आणि दार लावून घेतलं. गादीवर दोनदा हलून बघितलं.

"लाकडं काढा चाकखालथीन," तो खिडकीतून म्हणाला. "होळी जराशी तिकडे सरकाडा."

त्याची माय ताट घेऊन धावत आली. "धुडकू! होळीमाथून गाडी काढस का रे?"

"गाडी जागावरच शे, माय. होळी सरकी ऱ्हायनी."

लोकांनी एकेक लाकूड, एकेक गोवरी उचलून दहा हातांवर नवी होळी रचली. चाकं धपकन जमिनीला टेकली. मी पुढं बघत होतो. मागं वळायची हिंमत नव्हती.

मागून आवाज आला, "पेठमा सोड. किती लेशी?"

मी भाडं सांगितलं.

धुडकूनाना भडकला. "कायनं एवढं? टांगावाला निम्मामा लई जास!"