शिवेवरची चूल

सीमा स्वतः काही पिकवीत नाही. तिच्या एका बाजूस जे भात होते तेच दुसऱ्या बाजूसही होते. पाऊस दोहोंकडे सारखाच पडतो. परंतु सीमा माणसाला थांबविते, आणि थांबलेल्या माणसाला भूक लागते. एवढ्या एका साध्या गोष्टीवर जगात मोठमोठी सीमानगरे उभी राहिली आहेत. आपल्या खालापूर तालुक्याच्या दक्षिण टोकास दुशिवेची वाडी म्हणून जी चाळीसेक झोपड्यांची वस्ती आहे, ती याच न्यायाने वाढली. त्या वाडीचा इतिहास सांगावयाचा तर अंबूबाईच्या चुलीचा सांगावा लागतो. तिच्याआधी तेथे वाडी म्हणावी असे काही नव्हते.

वाडीच्या पाठीशी कुंडीचा ओढा होता. ओढ्याच्या अलीकडे खालसा, म्हणजे इंग्रज सरकारचा मुलूख; पलीकडे संस्थान. पलीकडच्या काठावर संस्थानचा जकात नाका होता आणि नाक्यावर आबाजीपंत नावाचे एक सडपातळ कारकून बसत. दिवेलागणीस नाका बंद होई. ज्या गाडीवानाला उशीर झाला त्याने रात्र अलीकडच्या माळावर काढावी असा प्रघात होता. तिकडे खोपोलीस विजेचे घर बांधावयास सुरुवात झाली तेव्हा हजारो मजूर तेथे गोळा झाले. त्यांना तांदूळ, कोंबड्या, कोळसा, बैलांना गवत, सारेच हवे होते, आणि यांतले पुष्कळसे संस्थानातून येई. परतीच्या वाटेने मीठ, गूळ, राकेल आणि कापड संस्थानात जाई. माळावर एकेका संध्याकाळी पंधरा-वीस गाड्या सुटू लागल्या.

अंबूबाई विधवा झाली ती याच सुमारास. दिराच्या घरी तुकडे मोडण्यापेक्षा तिने माळाच्या कडेला एक खोपट घातले आणि पुढच्या ओट्यावर गाडीवानांना भाकरी आणि सुक्या मासळीचे कालवण देऊ लागली. पुढे चहाही ठेवला. तिच्या भावकीने म्हटले, "बाईमाणूस उघड्या माळावर बसली, नाक गेलं आमचं." ती म्हणाली, "नाक घेऊन जा. पोट माज्यापाशी ऱ्हाऊ द्या."

परंतु तिचा खरा धंदा भाकरीचा नव्हता. संस्थानच्या जकातीला एक अपवाद होता. गाडीवरच्या मालास जकात असे. परंतु गोरगरिबाने आपल्या घरखर्चापुरते जे डोईवरून न्यावे त्यास माफी असे. लोक त्याला 'डोईवरचं माफ' म्हणत. नियम करणाऱ्याच्या मनात करुणा होती. करुणेची रुंदी किती, हे मोजून पाहण्याचे काम मात्र अंबूबाईने केले. तिने आसपासच्या वाड्यांतल्या बाया जमविल्या. खालशातली गाडी माळावर रिकामी व्हावी, माल डोईवरून ओढा ओलांडून जावा, आणि पलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीत भरला जावा, असा क्रम सुरू झाला.

याला कोणी चोरी म्हणतील, आणि तो प्रश्न मी सहज उडवून देणार नाही. दारिद्र्यासाठी ठेवलेल्या माफीवर व्यापाऱ्याने आपला नफा वाहून न्यावा, हे न्यायाच्या काट्यावर सरळ उतरत नाही. तथापि त्या वाहतुकीतून पन्नास-साठ बायांच्या हाती, नवऱ्याच्या हातून न येता, स्वतःची मजुरी पडू लागली, हेही तितकेच खरे आहे. डोंगराकडच्या ठाकरवाडीची चिमा आणि सखल भागातली कुणब्याची भागूबाई एकाच रांगेत ओझे उचलीत. पाण्याचे भांडे मात्र वेगळे राहिले. सीमेने सर्व भेद पुसले असे लिहिणे सोपे आहे, पण ते खरे होणार नाही.

आबाजीपंत नियमाचे पक्के होते. म्हणूनच ते या बायांना अडवू शकत नसत. एकदा धाकलू नावाच्या गाडीवानाने कर्जतेहून एका संस्थानी गिऱ्हाइकासाठी नवी कोरी बैलगाडीच आणली. गाडीवर जकात जबर. अंबूबाईने गाडी सुटी करविली. साटी, जू, आरे, सारे एकेका डोक्यावर निघाले. चाकाला मात्र दोघी लागल्या. पंत नाक्यातून बाहेर आले.

"नियमात 'डोईवर' असे एकवचन आहे," ते म्हणाले. "एका चाकाला दोन डोकी चालणार नाहीत."

"मग पंत, दोगींची मिळून एकच डोई धरा," धाकलू म्हणाला. "अक्कल बी तेवढीच हाय."

चाकाखालून भागूबाईचा आवाज आला, "तुज्यापरीस दीड डोई जास्तीच हाय रं, मुडद्या!"

पंतांना हसू आवरले नाही, आणि हसलेल्या मनुष्याला जकात घेता येत नाही. चाक गेले.

अशी काही वर्षे गेली. बांधकाम संपले तरी खोपोलीचा बाजार वाढतच राहिला, आणि अंबूबाईचे खोपटही. पुढचा ओटा मोठा झाला. मागे ओढ्याच्या अंगाला तिने कारवीच्या कुडाची एक पडवी काढली आणि चूल तिथे नेली. पडवीस जागा अपुरी होती. चुलीची राख आणि बायांनी आणलेले दगडगोटे टाकून तिने काठ हळूहळू पुढे सरकविला; ओढ्याने अंग चोरले. हे तिच्याखेरीज कोणाच्या ध्यानात राहिले नाही. वाढत्या घराकडे लोक पाहतात, मागे सरलेल्या पाण्याकडे कोणी पाहत नाही.

मग एका श्रावणात ओढ्याने आपला हिशेब आपल्या पद्धतीने केला. डोंगरातून लोंढा आला तो पडवीमागच्या वळणाकडे वळलाच नाही. सरळ खोपट आणि माळ यांच्या मधून वाट फोडून निघाला. पाऊस ओसरला तेव्हा खोपट जागच्या जागी होते, पण ओढा मागचा पुढे आला होता. जुन्या पात्रात नुसते धोंडे उरले.

दोन्ही सरकारांच्या दप्तरांत हद्द म्हणून एकच शब्द लिहिलेला होता: ओढा. कोणता ओढा, हे लिहिण्याची गरज पूर्वी कोणाला वाटली नव्हती. संस्थानच्या अंमलदाराने म्हटले, आज जिथे पाणी वाहते ती हद्द. याचा अर्थ असा की नाका उचलून नव्या काठावर येणार, आणि अंबूबाईचे खोपट नाक्याच्या आत, संस्थानात जाणार. मग खालशाच्या गाडीने माल उतरावा कुठे, आणि बायांनी तो उचलावा कुठून? माळ नव्या पाण्याच्या एका काठाला, चूल दुसऱ्या, आणि मधोमध नाका. धंदा एका दिवसात संपला असता.

आबाजीपंतांना मनातून हा बदल गोड वाटत होता. कामाच्या वेळी त्यांना हद्दीबाहेर पाऊल टाकण्याची मनाई होती, त्यामुळे अंबूबाईचा चहा त्यांच्यापर्यंत नेहमी निवून पोचे. ते तिला म्हणाले, "अंबूबाई, तू आमच्यात आलीस की मला गरम चहा मिळेल. राज्य बदलले तर असे काय बिघडते?"

"तुमाला च्या गरम मिळंल, पंत," ती म्हणाली, "पन माजी चूल थंड व्हईल त्याचं काय?"

मार्गशीर्षात दोन्हीकडचे अंमलदार माळावर आले. दोघांनी कागद पसरले. दोन्ही कागदांवर तोच एक शब्द. उन्हे चढली. तेव्हा संस्थानकडच्या गावचा गोमा नावाचा म्हातारा पुढे झाला आणि म्हणाला, "कागदाला काय इचारता? शीव चालवा."

शीव चालणे ही जुनी चाल. हद्दीचा तंटा पडला की एकाने स्नान करून, त्याच शिवेतले मातीचे ढेकूळ डोईवर घेऊन खऱ्या शिवेवरून चालावे. खोटे चालला तर ती माती त्याच्या घराला खाते, असा समज. अंमलदारांना ते दप्तरात लिहिता येण्यासारखे नव्हते. पण चालणाऱ्याच्या मागे दगड रोवून त्यावर दोघांनी सह्या कराव्या, यास हरकत कोणाचीच नव्हती.

आता चालणार कोण? खालशाकडच्या पाटलाचे गुडघे अकस्मात दुखू लागले. धाकलूला विचारले.

"माज्या घरात पोरं हायत," तो म्हणाला. "मी बैल चालवतो, शीव नाय."

"मी चालते," अंबूबाई म्हणाली.

संस्थानच्या अंमलदाराने आक्षेप घेतला, "हिचे तर घरच तंट्यात आहे!"

"म्हनूनच तिला चालू द्या," गोमा म्हणाला. "ज्याचं काय जात नाय त्यो कुटूनबी चालंल. हिनं खोटं पाऊल टाकलं तर हिच्याच घरावर येतंय."

हे तर्कशास्त्र कोणत्याही विद्यापीठात शिकवीत नाहीत, पण ते कोणाला खोडताही आले नाही. अंबूबाई नव्या पाण्यात अंघोळ करून ओल्या लुगड्यानिशी आली. गोम्याने जुन्या पात्रातले ढेकूळ तिच्या डोक्यावर ठेवले. तोच धाकलू ओरडला, "पंत, बगा हां! डोईवरचं माफ!" माळभर हशा पिकला. ती मात्र हसली नाही.

तिच्यापुढचा प्रश्न तिला एकटीलाच ठाऊक होता. जुन्या पात्राने चालत पडवीच्या मागून गेले की सारे घर खालशात राहणार होते, आणि ते खोटे आहे असे म्हणणारा कोणी साक्षीदार नव्हता. परंतु पडवी जिथे उभी होती तिथे पूर्वी पाणी होते. खरी शीव चुलीजवळून जात होती. तसे चालले तर चूल संस्थानात पडणार. उद्या अंमलदाराच्या मनात आले तर चूल हलीव म्हणून हुकूम सुटणार. आणि चूल हलली तर ओटा कशासाठी ठेवावयाचा?

ती धोंड्यांतून हळूहळू चालू लागली. मागे दोन अंमलदार, मागे दगड वाहणारे, मागे सारा माळ. पडवीच्या कोपऱ्याशी ती थांबली. डावीकडे पात्राची मोकळी वाट, समोर सरपण आत घेण्याचे लहानसे झापड. तिने झापड पायाने लोटले, गुडघ्यांत वाकली आणि ढेकूळ सावरीत आत गेली.

"बाई च्या ठेवाया गेली वाटतं," कोणी तरी म्हणाले.

मग आतून आवाज आला, "धाकल्या! ह्या बाजूचा कूड फोड!"

"वैनी, येडी झालीस का गं? मागनं चाल की!"

"मागनं ओढा कवा व्हता रं? मीच राख टाकून लोटला त्याला. शीव हितनं जाती, चुलीच्या अंगानं. फोड म्हनते ना! मान मोडाया लागली माजी."

कारवीचा कूड फोडावयास वेळ लागत नाही. दोन लाथांत माणूस जाईल एवढे भोक पडले आणि अंबूबाई डोक्यावर माती, केसांत काजळी अशी पलीकडून बाहेर आली. पुढचे वळण तिने न थांबता पुरे केले. मग ढेकूळ उतरविले. पहिले बोलले ते आबाजीपंत.

"म्हणजे इतकी वर्षे मी संस्थानच्याच चुलीवरचा चहा परका समजून पीत होतो!" ते कपाळाला हात लावून म्हणाले. "आणि तोही थंड!"

यावर संस्थानचे अंमलदार हसले, आणि पुढचे काम सोपे झाले. ज्या बाईने आपल्या हाताने आपली चूल त्यांच्या हवाली केली, तिला चूल हलीव म्हणण्याचे धैर्य सत्तेलाही सहसा होत नाही. एक दगड झापडापाशी रोवला, एक भोकापाशी. हद्द जुन्या पात्रात गेली, म्हणून नाकाही जुन्या जागीच राहिला. ओटा आणि पुढची खोली खालशात, चूल संस्थानात. पडवीची घरपट्टी संस्थानास द्यावी असे ठरले. माळ आणि ओटा यांच्यामध्ये नवे पाणी होते खरे, पण त्यावर आता कोणाचा नाका नव्हता. चार ओंडके टाकले की गाडी ओट्याशी लागणार होती. सह्या झाल्या. सर्वांनी चहा घेतला.

निघताना अंबूबाईने दोघांना अडविले. "साहेब, ह्या भोकाचं काय? वाऱ्यानं चूल इझंल माजी."

"भिंत चुलीकडची," खालशाचे अंमलदार म्हणाले. "ती संस्थानने पाहावी."

"पाडणारा खालशाचा," संस्थानचे म्हणाले. "भरपाई तिकडून व्हावी."

"मी तर हुकमाचा ताबेदार," धाकलू म्हणाला आणि बैलांकडे सटकला.

अंबूबाईने दोघा अंमलदारांकडे आळीपाळीने पाहिले. "म्हंजी भिंत कुनाचीच नाय?"

दोघेही आपापले कागद गुंडाळू लागले.

"मग माजीच की," ती म्हणाली, आणि माळाकडे तोंड करून ओरडली, "धाकल्या, पळू नकोस! कूड नाय लिंपायचा. फळ्या आन. आता पाडलंच हाय तर दार बसव, चांगलं उंच नि रुंद. डोईवर पाटी घेऊन बाई सरळ जाईल एवढं."